पार्टचं नावच ते आहे

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यातून एचआरच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, एका मुलीची तक्रार आलीय. पण शब्द तसा घाण नाहीये. समिती बसवायची का, की समज देऊन मिटवून टाकू?"

समिती 'बसवायची' नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार जिथे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती आधीपासूनच असावी लागते. वरच्या पदावरची बाई अध्यक्ष, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य आणि बाहेरची एक व्यक्ती अशी तिची रचना असते, आणि त्यात निम्म्या तरी बायका लागतात. त्या कारखान्यात बाहेरची व्यक्ती मी. तक्रार आली की ती थेट समितीपुढे यायची. शब्द घाण आहे की नाही, हे फोनवर ठरवण्याचा अधिकार एचआरलाही नाही आणि मलाही नाही. समेट करायचा तर तो चौकशी सुरू व्हायच्या आधी, बाईने स्वतःहून मागितला तर आणि पैशाच्या देवघेवीशिवाय. या मुलीने तो मागितला नव्हता.

या कायद्याच्या १६ व्या कलमाने नावं, पत्ते आणि चौकशीतला मजकूर बाहेर सांगायला बंदी आहे. ओळख उघड न करता न्याय मिळाल्याचं सांगता येतं, एवढीच सूट. म्हणून इथे पदं, पाळ्या आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. शब्द मात्र तेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्या शब्दांचंच आहे.

तक्रारदार आयटीआय झालेली, कंत्राटावरची क्वालिटी इन्स्पेक्टर. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो लाइनचा सुपरवायझर, नोकरीला अठराएक वर्षं झालेला. साडेतीन पानी हस्तलिखित अर्जात चार गोष्टी होत्या. एक, हा माणूस दिवसभर च्यायला, आयला, मायला असं बोलतो. दोन, टार्गेट चुकलं की पोरांवर "बांगड्या भरल्यात का?" म्हणून ओरडतो. तीन, एका हेल्पर मुलाला सगळ्यांसमोर 'बायल्या' म्हणतो. चार, ती माल तपासत असली की जवळ येऊन म्हणतो, "मॅडम, निपल बरोबर आहे का बघा. तुम्हालाच जास्त कळतं त्यातलं."

एचआरने अर्जाच्या झेरॉक्सवर पिवळा मार्कर फिरवला होता. पिवळे झाले होते सगळे 'च्यायला' आणि 'मायला'. चौथी गोष्ट कोरीच राहिली होती. ते पान बघितल्यावर या चौकशीत नेमकं काय समजावून सांगावं लागणार आहे ते कळलं.

निपल म्हणजे ग्रीस निपल. मशीनच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला बसवतात तो बोटाच्या पेराएवढा पितळी किंवा पोलादी भाग. आत एक बारीक गोळी आणि स्प्रिंग असते, ग्रीस गनच्या दाबाने गोळी आत जाते, ग्रीस शिरतं, दाब सुटला की गोळी परत तोंडाशी येऊन बसते. खाली आटे असतात. इथे एम ६ बाय १ चे, म्हणजे सहा मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर अंतराचे होते. तपासणी सोपी पण कंटाळवाणी असते. लॉटमधून नमुने काढायचे, आट्यांवर रिंग गेज, म्हणजे आटे तपासायची कडी, फिरवायचं, 'गो' गेज पूर्ण बसलं पाहिजे, 'नो-गो' गेज दोन आट्यांच्या पुढे जाता कामा नये, गोळी दाबून सोडायची, ती अडकत नाही ना ते बघायचं. मग हिरवा नाहीतर लाल टॅग आणि रजिस्टरला नोंद. दिवसातून पंचवीस-तीस वेळा हा शब्द तोंडात येतो, कागदावर येतो. ड्रॉइंगवर तोच छापलेला आहे.

सुपरवायझरचं लेखी उत्तर त्यावरच उभं होतं. अर्जाची प्रत समोरच्याला सात कामकाजी दिवसांत द्यायची आणि त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं, असा नियम आहे. त्याने नवव्या दिवशी दिलं. एक पानाचं, टाइप केलेलं. "पार्टचं नावच ते आहे. दुसरं काय म्हणायचं? शिव्या सगळेच देतात, त्याबद्दल मी माफी मागतो. पण कामाचा शब्द वापरला म्हणून गुन्हेगार ठरवू नये."

हे उत्तर लबाडीचं असेल असं गृहीत धरून सुनावणीत बसायचं नसतं. मुद्दा खरा होता. शब्दकोशात बघितलं तर चार गोष्टींपैकी सगळ्यात निर्मळ शब्द हाच.

आणि सगळ्यात अमंगळ कोणता? 'च्यायला'. 'तुझ्या आईला' किंवा 'त्याच्या आईला' याचं झिजून झालेलं रूप, पुढचं क्रियापद गिळून टाकलेलं. 'आयला' आणि 'मायला' याच घरातले. मुळाशी गेलं तर प्रत्येकात कुणाच्या तरी आईवर बलात्काराची धमकी आहे. पण आज कुणी चावी विसरलं तरी 'च्यायला', सिग्नल लागला तरी 'च्यायला'. पॅकिंगमधल्या बायका म्हणतात, तक्रारदार मुलीनेही "कधीतरी माझ्याही तोंडात येतो" असं जबाबात सांगितलं. शब्द ज्या जागेवर मारला जात होता ती जागाच आता शिल्लक नाही. तो कुणाला उद्देशून नसतो. क्रियापद परत जोडून तोच शब्द एखाद्याच्या अंगावर फेकला की क्षणात जिवंत होतो, आणि मग तो स्त्रीद्वेष्टा तर आहेच, गुन्ह्याच्या दारातही जाऊन पोचतो.

मराठीत या बाबतीत फार मोठा ढीग आहे. 'रांड' हा शब्द मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशापासून विधवा आणि शिवी अशा दोन्ही अर्थांनी नांदतो. 'रांडाव', 'रंडकी' यांत अजून विधवाच दिसते. नवरा गेलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई यांना भाषेने एकाच शब्दात बसवलं, आणि मग पोराला हाक मारायलाही तिचाच वापर केला. राज्याच्या दक्षिणेकडे 'रांडेच्या' लाडाने म्हणतात. नाशकात तोच लाड केला तर हाणामारी होते. 'पांढऱ्या पायाची', 'अवदसा', 'भवानी', 'सटवी', 'कैदाशीण'. यांतल्या कितीजणी मुळात देवता होत्या ते बघावं. सटवाई अजूनही पाचवीला पुजतात आणि सहाव्या दिवशी सुनेला तिच्याच नावाने बोलतात. वर्तमानपत्रांत 'वांझोटी चर्चा' सर्रास छापतात. मूल न झालेली बाई तो मथळा वाचते तेव्हा तिला काय होतं, याचा विचार मथळा देणाऱ्याने करायला हवा. माझं मत स्पष्ट आहे: यातलं बरंच बोलणं सोडून दिलं पाहिजे. पण सोडून दिलं पाहिजे आणि कायद्याने छळ ठरतं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चौकशीत त्या मिसळल्या की खरी तक्रार पातळ होते.

कायदा काय बघतो? दुसऱ्या कलमात नको असलेल्या वागणुकीचे पाच प्रकार आहेत: अंगाला हात लावणं किंवा लगट करणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक रोख असलेले शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाची इतर कुठलीही शारीरिक, शाब्दिक किंवा खुणेची वागणूक. 'नको असलेली' हा शब्द सगळ्यांच्या आधी येतो. तिसऱ्या कलमात परिस्थिती सांगितली आहे: बढतीचं आमिष, नुकसानीची धमकी, नोकरी जाण्याची भीती, कामात अडथळा किंवा धाक वाटेल असं वातावरण, तब्येतीवर परिणाम होईल अशी अवहेलना. 'हे शब्द वर्ज्य' अशी यादी कायद्यात कुठेच नाही, आणि नाही हे बरंच आहे. 'वहिनी' हा शब्द घ्या. याहून सोज्वळ शब्द मराठीत सापडायचा नाही. पण लग्न न झालेली मुलगी डबा खायला आली की चार पोरांनी एका सहकाऱ्याकडे बघत रोज "या वहिनी" म्हणायचं, हा प्रकार आमच्याकडे वारंवार येतो आणि तो सिद्धही होतो.

सुनावणीचा दिवस शनिवारचा ठेवला, पहिल्या पाळीत. कॉन्फरन्स रूमला काचेच्या भिंती होत्या, बाहेरून येणारे-जाणारे दिसत होते. ती खोली नाकारली आणि स्टोअरमागच्या ट्रेनिंग रूममध्ये बसलो. तक्रारदार आणि सुपरवायझर यांना दीड तासाच्या फरकाने वेगवेगळ्या दारांनी बोलावलं. समितीचे किमान तीन सदस्य हजर लागतात आणि त्यात अध्यक्ष हवीच. आम्ही चौघं होतो. वकील कुणाकडूनच चालत नाही.

पहिली अडचण जबाब लिहिताना आली. समितीतला टंकलेखन करणारा सदस्य सज्जन माणूस, पण मुलगी बोलायला लागली की तो लिहायचा: 'आक्षेपार्ह भाषा वापरली'. पुढच्या ओळीत 'अर्वाच्य बोलले'. प्रत्येक समितीत हे होतं. लाज वाटते, म्हणून शब्द गाळतात. मग अपिलात विचारतात, कोणती भाषा? कोणाला? समोरच्या माणसाला तरी उत्तर कशाचं द्यायचं ते कसं कळणार? शब्द जसाच्या तसा, अवतरणात, पूर्ण वाक्यासकट लिहायचा. पूर्ण वाक्यासकट हे जास्त महत्त्वाचं, कारण नुसता 'निपल' लिहिला असता तर तक्रार तिथेच संपली होती.

तेव्हा लिहिलेलं फाडलं नाही (कागद फाडायचा नसतो, रेघ मारून सह्या करायच्या) आणि परत सुरुवात केली. प्रत्येक प्रसंगाला तेच प्रश्न. नेमकं वाक्य काय होतं? त्या वेळी हातात काय काम होतं? बोलताना तो कुठे बघत होता? आजूबाजूला कोण होतं, कोण हसलं? तुम्ही काय म्हणालात? त्यानंतर त्याने परत केलं का? तुमच्या कामात काय बदललं?

तिसऱ्या प्रश्नावर मुलगी थांबली. मग म्हणाली, "पार्ट टेबलावर असतो. ते टेबलाकडे बघत नाहीत."

पाचव्या प्रश्नाचं उत्तर असं: पहिल्या दोन वेळा ती काहीच बोलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "सर, नुसता लॉट नंबर सांगा." त्यानंतर पुढच्या दिवसापासून तो लॉट नंबर सांगायला लागला आणि मग वर तो शब्द, थोडा लांबवून. 'नको' आधीच सांगितलं पाहिजे अशी कायद्याची अट नाही. पण सांगितल्यावरही थांबला नाही, याने हेतूबद्दलची शंका बरीच मिटते.

पहिला प्रसंग पाच महिन्यांपूर्वीचा होता. एचआरचं म्हणणं, तक्रार करायची तीन महिन्यांची मुदत गेली. मुदत तीन महिन्यांचीच आहे, पण प्रसंगांची मालिका असेल तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. शेवटचा प्रसंग अर्जाच्या अकरा दिवस आधीचा. शिवाय योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दुसरी कुरकुर सहा प्रतींची. नियमात तक्रारीच्या सहा प्रती म्हटलं आहे म्हणून काही कचेऱ्या बाईला अर्ज परत देतात. झेरॉक्स मशीन कंपनीचं आहे. एक प्रत घ्यायची आणि बाकीच्या आपण काढायच्या.

साक्षीदार तीन. पॅकिंगमधली एक वयस्कर बाई बागलाणाकडची होती, अहिराणी बोलणारी. "आम्ही पण शिव्या देतो, त्यात काय," असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि सुपरवायझरची बाजू भक्कम झाल्यासारखी वाटली. तिचा जबाब तिच्याच बोलीत उतरवून घ्यायचा आग्रह धरला, कारण ऑफिसच्या मराठीत आणलं की बायकांचे जबाब एकसारखे सपाट होतात. निपलबद्दल विचारल्यावर ती म्हणाली की तो शब्द आम्हीही दिवसभर म्हणतो, पण साहेब म्हणायचे तेव्हा लाइनवरची पोरं माना खाली घालून हसायची, आणि ही पोरगी गेज खाली ठेवायची. एवढंच. तिने स्वतःहून कुठलाही निष्कर्ष काढला नाही, आम्हीही काढायला लावला नाही.

दुसरा साक्षीदार दुसऱ्या पाळीतला इन्स्पेक्टर. पुरुष, तेच टेबल, तोच पार्ट, तेच गेज. तुलनेसाठी अशी व्यक्ती मिळाली तर तिला बोलवायचंच. त्याला विचारलं, सुपरवायझर तुमच्याकडे तपासणीसाठी येतात तेव्हा काय म्हणतात? "माल झाला का, एवढंच." तुम्हाला निपलमधलं जास्त कळतं, असं कधी म्हणाले? तो गोंधळला. मग प्रश्न समजला आणि त्याचे कान लाल झाले. "नाही मॅडम. मला कशाला म्हणतील?"

कामाचा शब्द कामासाठी वापरला असता तर तो दोन्ही पाळ्यांत सारखाच वापरला गेला असता.

तिसरा तो हेल्पर मुलगा, ज्याला 'बायल्या' म्हणत. त्याचं बोलणं मऊ, चाल जरा निराळी. त्याला वाटत होतं आपलीही तक्रार ऐकली जाईल. त्याला खरं सांगावं लागलं: हा कायदा पीडित बाईलाच तक्रारीचा हक्क देतो, पुरुषाला देत नाही. त्याच्यासाठी स्थायी आदेशांखाली, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांखाली, शिस्तभंगाची वेगळी तक्रार करण्याचा रस्ता आहे, तो त्याला समजावून दिला. 'बायल्या', 'बायकी', 'बाईलबुद्ध्या' या शब्दांत शिवी त्या मुलाला बसते, पण शिवी म्हणून वापरलेली वस्तू बाई असते. बाई असणं हाच कमीपणा धरला तरच तो शब्द लागतो. शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहा बायकांनी तो रोज ऐकायचा आणि आपल्याला काही म्हटलं नाही असं समजायचं.

बांगड्यांचंही तेच. त्या शॉपमध्ये फिरत्या मशीनजवळ बांगडी, अंगठी, मोकळी ओढणी काहीही चालत नाही. बांगडी अडकली तर मनगट सोलून निघतं. बायका गेटजवळच्या लॉकरमध्ये बांगड्या काढून ठेवतात. एकीने प्लास्टिकच्या डबीत कापूस घालून हिरवा चुडा ठेवला होता, लग्नाला महिनाही झाला नव्हता. काढताना तिची सासू काय म्हणेल याची काळजी वेगळीच. आणि आत गेल्यावर उत्पादन कमी का, तर "बांगड्या भरल्यात का?" ज्यांनी कामासाठी बांगड्या उतरवल्या त्यांच्यासमोर बांगडी म्हणजे नामर्दपणाची खूण.

या बाबतीत मोर्चे काढणाऱ्या आमच्या चळवळीतल्या बायकांनाही सांगावंसं वाटतं. पाणी आलं नाही की अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर करायचा, त्याचे फोटो छापून आणायचे, हे आपणही वर्षानुवर्षं करत आलो. नवरा गेला की त्याच बांगड्या फोडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला, आणि सरकारनेही तो इतर गावांपुढे ठेवला. बांगडीला एवढा भार असताना ती अकार्यक्षमतेची निशाणी म्हणून बायकांनीच वाटत फिरू नये.

तरीही अहवालात बांगड्या लैंगिक छळ म्हणून गेल्या नाहीत. बोलणं स्त्रियांना कमी लेखणारं आहे, पण त्यात लैंगिक रोख नाही, आणि तक्रारदाराला उद्देशून नाही. समितीतल्या दोघींना ते पटेना. अर्धा तास वाद झाला. ओढूनताणून ते दुसऱ्या कलमात बसवलं असतं तर अपिलात तो भाग गळून पडला असता, आणि भक्कम असलेल्या भागालाही धक्का बसला असता. म्हणून स्वतंत्र शिफारशींत घेतलं.

आता रजिस्टर. साक्षीदार संपल्यावर तपासणीची रजिस्टरं मागवली, सहा महिन्यांची. अशा चौकशीत तोंडी जबाबांइतकेच रोजचे कागद बोलतात आणि ते मागवायचे राहून जातात: हजेरी, रजेचे अर्ज, पाळी बदलून मागितल्याच्या चिठ्ठ्या, मेमो. पहिल्या महिन्यात मुलीच्या स्वच्छ अक्षरात प्रत्येक ओळीला 'ग्रीस निपल' असं पूर्ण लिहिलेलं होतं. दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर ते 'जी. एन.' झालं. तिसऱ्या महिन्यापासून तेही गेलं, नुसता ड्रॉइंग नंबर. त्याच टेबलावरच्या दुसऱ्या पाळीच्या नोंदींत शेवटपर्यंत 'ग्रीस निपल'. दोन रजिस्टरं शेजारी ठेवली आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आणि त्या नंबरांनीच घात केला होता. सरळ निपल आणि ४५ अंशात वाकलेलं निपल यांच्या ड्रॉइंग नंबरात फक्त शेवटचा आकडा वेगळा. चौथ्या महिन्यात ६०० नगांचा एक लॉट चुकीच्या टॅगने पुढे गेला आणि ग्राहकाकडून परत आला. त्याबद्दल मुलीला मेमो मिळाला, आणि मेमोवर शिफारस त्याच सुपरवायझरची. तिसऱ्या कलमातला 'कामात अडथळा' म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित हाती लागतो. तिने शब्द टाळायला सुरुवात केली, शब्द टाळल्याने काम चुकलं, काम चुकल्याची शिक्षा ज्याच्यामुळे टाळला त्यानेच दिली.

सुपरवायझरने तिला विचारायचे प्रश्न लेखी दिले होते. चौदा. समोरासमोर उलटतपासणी होऊ द्यायची नाही, प्रश्न अध्यक्षांनी वाचायचे. त्यातले दोन तिच्या घरच्या आणि संध्याकाळच्या वेळेबद्दलचे होते, ते कारण नोंदवून नाकारले. बाकी बारा विचारले. त्याला बोलायची पूर्ण संधी दिली. रजिस्टरं त्याच्यासमोर उघडून ठेवली आणि विचारलं, ही नोंद का बदलली असेल? तो बराच वेळ पानं उलटत राहिला. म्हणाला, "माझ्या लक्षात आलं नाही." मग, "मी गंमतीत म्हणायचो. सगळे हसायचे." ते वाक्य तसंच्या तसं लिहून त्याची सही घेतली. थोड्या वेळापूर्वीपर्यंत तो कामाचा शब्द होता.

फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा इथे लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवते ते बघायचं. चौकशी ९० दिवसांत आणि अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा असतो. आम्ही एकूण ५३ दिवसांत दिला. चौथी गोष्ट सिद्ध: लैंगिक रोख असलेले शेरे, वारंवार, नको सांगूनही, कामावर परिणाम. पहिली सिद्ध पण छळ नाही, कारण उद्देशून नाही. दुसरी आणि तिसरी शिस्तीचा भाग म्हणून व्यवस्थापनाकडे. शिफारशी: लेखी माफी, एक वेतनवाढ रोखणं, समुपदेशन, मुलीच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून घेणं, आणि तो मेमो रद्द. अंमलबजावणीला मालकाकडे ६० दिवस असतात आणि दोन्ही बाजूंना ९० दिवसांत अपील करता येतं.

चौकशी चालू असताना मुलीला दुसऱ्या खात्यात हलवलं होतं. 'तिच्या सोयीसाठी' असं कारण. अंतरिम बदली बाईने लेखी मागितली तरच करता येते, आणि समोरच्याचीही बदली करता येतेच. ती मागितलेली नव्हती. शिकलेलं काम एकच, गेजचं. तिथून तिला स्टोअरला लावलं म्हणजे शिक्षा तिलाच. पहिल्या आठवड्यातच ती बदली फिरवायला लावली. पोलिसांत जायचा हक्कही तिला समजावून सांगितला. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ७५ (लैंगिक छळ) आणि ७९ (बाईचा विनयभंग करणारे शब्द किंवा हावभाव) ही कलमं आहेत. तिने नको म्हटलं. तो तिचा निर्णय.

अहवाल मिळाल्यावर व्यवस्थापनाने दोन उपाय सुचवले, मनापासून. पहिला, ड्रॉइंगवरचं नाव बदलून 'ग्रीस फिटिंग' करायचं. काही देशांत असं म्हणतातही. बदलायला हरकत नाही, पण रोग तिथे नाही. पाईपवाले मेल आटे, फिमेल आटे म्हणतात, कुणाला काही वाटत नाही. तो सुपरवायझर 'फिटिंग' हा शब्दही त्याच आवाजात म्हणू शकला असता. दुसरा उपाय, वर्ज्य शब्दांची यादी नोटीस बोर्डावर लावायची. मसुदा तयारच होता. याला मात्र ठाम नकार दिला. अशी यादी दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरते, चेष्टेचा कोश होतो, आणि यादीत नसलेला प्रत्येक शब्द परवानगी मिळालेला ठरतो. त्या यादीत 'निपल' नव्हतं. 'वहिनी' नव्हतं.

त्याऐवजी सव्वा तासाचं सत्र घेतलं, पाळी बदलताना, पगारी वेळेत. पद्धत अशी: चोवीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शब्द नाही तर पूर्ण वाक्य आणि प्रसंग. सहा-सहा जणांचे गट, आधी बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे. पहिल्यापासून एकत्र बसवलं की बायका गप्प राहतात, पुरुष विनोद करतात. गटाने चिठ्ठ्या तीन ढिगांत लावायच्या: कुणालाही चालेल, माणूस बघून, कधीच नाही. मग दोन्ही बाजूंचे ढीग शेजारी मांडायचे आणि फक्त फरक असलेल्या चिठ्ठ्यांवर बोलायचं. वेळ बराचसा तिथेच जातो. "आज एकदम कडक दिसताय" ही चिठ्ठी पुरुषांच्या चार गटांपैकी तिघांनी पहिल्या ढिगात ठेवली होती, बायकांच्या दोन्ही गटांनी तिसऱ्या. एका ऑपरेटरने विचारलं, मग कौतुक करायचंच नाही का? पॅकिंगच्या त्या वयस्कर बाईने उत्तर दिलं, "माझं काम चांगलं झालं तर सांग ना. ते कधी सांगत नाहीस."

वर्षअखेर कंपनीचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे जातो. त्यात पाच माहित्या द्यायच्या असतात: तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त किती रखडल्या, कार्यशाळा किती घेतल्या, कारवाई काय केली. एचआरने भरून दाखवलं: १, १, ०, १, 'नियमानुसार कारवाई'. शेवटच्या रकान्यातलं ते खोडायला लावलं आणि माफी, वेतनवाढ रोखणं, समुपदेशन असं पूर्ण लिहून घेतलं. बांगड्यांसाठी त्या नमुन्यात रकाना नाही. तो मुद्दा पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाला टाकला आहे.